डिट्टोचं वजन चार किलो

प्यूटर सिटीतल्या संग्रहालयाच्या वरच्या मजल्यावर एक गृहस्थ भेटतात. 20 जुलै 1969 रोजी माणूस चंद्रावर उतरला, तेव्हा ते बघायला आपण मुद्दाम रंगीत टीव्ही घेतला होता, असं ते सांगतात. जवळच 'कोलंबिया' यानाची प्रतिकृती ठेवलेली आहे. इथपर्यंत सगळं ओळखीचं. पण याच गावाच्या वेशीबाहेरच्या जंगलात गालांत वीज साठवणारा पिवळा उंदीर राहतो, आणि दहा वर्षांचं पोर त्याला चेंडूत घालून खिशात टाकून हिंडतं. चंद्रावरचा माणूस आणि पिकाचू एकाच जगात कसे? 'पोकेमॉन'च्या पहिल्या खेळातला हा संवाद लिहिणाऱ्याने त्यावर फारसा विचार केला नसावा. तो केला खेळणाऱ्यांनी, आणि जवळपास तीस वर्षं झाली तरी त्यांचं समाधान झालेलं नाही.

हे पुस्तक त्यांच्या या उद्योगाविषयी आहे. कथेत जे सांगितलेलं नाही ते कथेतल्याच पुराव्यांवरून शोधून काढायचं, याला चाहते 'थिअरी' म्हणतात. मराठी वाचकाला हा नाद अगदीच नवा नाही. विदुर हाच युधिष्ठिराचा बाप असावा ही शक्यता इरावती कर्वे यांनी 'युगान्त'मध्ये महाभारतातलेच दाखले देऊन मांडली होती. तिकडे इंग्लंडमध्ये, पुढे धर्मगुरू म्हणून नाव कमावलेल्या रोनाल्ड नॉक्स यांनी 1911 साली शेरलॉक होम्सच्या कथांची अशीच गंभीर चेहऱ्याने चिरफाड केली होती, आणि होम्सभक्तांनी तो खेळ आजतागायत चालू ठेवला आहे. व्यासांच्या शेजारी पिकाचूला बसवलं म्हणून कुणी रागावू नये. साम्य वाचण्याच्या पद्धतीपुरतंच आहे.

थोडी पूर्वपीठिका. खेळाचा कर्ता सातोशी ताजिरी टोकियोच्या कडेच्या माचिदा भागात वाढला. लहानपणी त्याला किडे पकडायचा नाद होता. पुढे तिथली शेतं आणि तळी बुजवून इमारती उभ्या राहिल्या. शहरात वाढणाऱ्या मुलांना गोळा करण्याची, अदलाबदलीची तीच गंमत मिळावी, अशी त्याची कल्पना होती. दोन गेमबॉय केबलने जोडता येतात हे पाहिल्यावर त्या केबलवरून किडे इकडून तिकडे सरपटताहेत असं चित्र त्याच्या डोळ्यांपुढे आलं. 27 फेब्रुवारी 1996 रोजी 'रेड' आणि 'ग्रीन' हे दोन खेळ जपानमध्ये विक्रीला आले. केन सुगिमोरीच्या हाताखाली रेखाटलेले 151 प्राणी, डझनभर गावं, गुहा, संगीत हे सगळं एका एमबीच्या आत बसवलं होतं. आज मोबाइलवर काढलेला एखादा फोटोसुद्धा त्याहून मोठा भरतो. जागाच नव्हती, म्हणून खेळातली माणसं एखाददुसरी ओळ बोलतात आणि गप्प होतात. थिअरींना वाव मिळाला तो इथे.

लेफ्टनंट सर्ज घ्या. व्हर्मिलियन सिटीतल्या जिमचा, म्हणजे लढतींच्या आखाड्याचा, हा दांडगा प्रमुख. मूळ खेळात त्याला अमेरिकन म्हटलं आहे. युद्धात विजेच्या पोकेमॉननी आपला जीव वाचवला, एवढंच तो लढाईआधी सांगतो. कुठलं युद्ध, कुणाशी, कधी, याचा पत्ता नाही. या एका वाक्यावर चाहत्यांनी अख्खं महायुद्ध उभं केलं. नायकाच्या घरी आई आहे, बाप नाही. त्याचा प्रतिस्पर्धी बहीण आणि आजोबांबरोबर राहतो, मधली पिढी गायब. गावोगावी फुकट आणि झटपट उपचार करणारी केंद्रं आहेत, जणू आघाडीवरची इस्पितळंच. गुंडांची टोळी राजरोस फिरते आणि तिला आवर घालायला कुणी मोठं माणूस पुढे येत नाही. तेव्हा कर्ते पुरुष लढाईत कामी आले असणार, आणि आपण खेळतो ते उजाड झालेल्या देशात.

पहिल्यांदा ऐकताना अंगावर काटा येतो, यात शंका नाही. पण या पुस्तकाच्या लेखकांनी एक साधी गोष्ट केली आहे, जी ही थिअरी सांगणारे सहसा करत नाहीत. त्यांनी रस्त्यावर भेटणारी माणसं नीट पाहिली. डोंगर चढणारे गडी, खलाशी, मोटारसायकलवाले, शास्त्रज्ञ, मासे पकडणारे असे धडधाकट पुरुष खेळातल्या कांटो प्रांतात पैशाला पासरी आहेत. रॉकेट टोळीतले गुंडही तरुण पुरुषच. मग बाप कुठे गेले? जपानी मध्यमवर्गात नोकरीच्या बदलीमुळे बापाने परगावी एकट्याने राहायचं आणि बायकापोरांनी मागे थांबायचं, ही रीत जुनी आहे. 2002 सालच्या 'रुबी' आणि 'सफायर'मध्ये नायकाचा बाप अखेर दिसतो, तोही दुसऱ्या गावी जिम चालवणारा. मला हे उत्तर पटतं. त्यात रक्तपात नाही म्हणून ते लोकप्रिय होणार नाही, हेही कळतं. गंमत अशी की 2013 च्या 'एक्स' आणि 'वाय'मध्ये निर्मात्यांनी खरोखरच एक महायुद्ध सांगितलं. पण ते तीन हजार वर्षांपूर्वीचं. सर्जचं युद्ध अजून तसंच अधांतरी आहे.

पुस्तकातलं सगळ्यात बांधेसूद प्रकरण डिट्टोवरचं. डिट्टो म्हणजे गुलाबी चिखलाचा गोळा, समोरच्याचं हुबेहूब रूप घेणारा. म्यू हा दुर्मीळ, तोही गुलाबी, दक्षिण अमेरिकेत गयानाच्या जंगलात सापडलेला. सिनाबार बेटावरच्या पडक्या वाड्यातल्या रोजनिशीत या नोंदी आहेत: म्यूचा शोध, म्यूटूचा जन्म, आणि तो हाताबाहेर गेल्याची कबुली. थिअरी म्हणते, म्यूटू जमण्याआधी म्यूची नक्कल करायचे बरेच प्रयत्न फसले असतील, आणि ते फसलेले जीव म्हणजे डिट्टो. पुरावे एकावर एक रचलेले. पहिल्या पिढीत 'ट्रान्सफॉर्म' ही चाल वाढता वाढता आपोआप शिकणारे हे दोघंच. दोघांचे दुर्मीळ रंगाचे अवतार निळे. म्यूचे सर्व गुणांक शंभर-शंभर, डिट्टोचे सर्व अठ्ठेचाळीस. म्यूटू ज्या गुहेत लपतो तिथे डिट्टोही सापडतात. आणि वजन दोघांचंही बरोबर 4 किलो.

शेवटच्या मुद्द्यावर लेखक खूश आहेत. मी नाही. शेल्डर नावाचा एक शिंपला आहे, त्याचंही वजन 4 किलोच, आणि उंची डिट्टोएवढी, 30 सेंटिमीटर. त्याला कुणी म्यूचा भाऊबंद म्हणत नाही. जुळणारे आकडे शोधत बसलं की ते सापडतातच. गुणांकांचा मुद्दा मात्र मला भक्कम वाटतो, कारण असे सगळीकडे सारखे गुणांक पहिल्या 151 जणांत दुसऱ्या कुणाचे नाहीत. म्हणजे ही थिअरी तपासता येते. तिचा एक पाय मोडला तरी दुसऱ्यावर ती उभी राहते का, हे बघता येतं. माझ्या लेखी चांगल्या थिअरीची खूण हीच: तिला हरता आलं पाहिजे.

क्यूबोनबद्दल एवढंच सांगतो. मेलेल्या आईची कवटी डोक्यावर घालून रडणारं हे पिल्लू मुळात कंगास्कानचं, असं मानणारे लाखो आहेत. पण 1999 च्या 'गोल्ड' आणि 'सिल्व्हर'पासून पोकेमॉनची अंडी मिळू लागली, आणि कंगास्कानच्या अंड्यातून कंगास्कानच निघतं. विषय संपला. तरी लोक सोडत नाहीत, कारण गोष्ट हृदयद्रावक आहे.

आता विज्ञान. पोकेडेक्स म्हणजे या जगातला प्राणिकोश, आणि त्यातले आकडे भयंकर आहेत. मॅगकार्गो नावाच्या गोगलगाईचं तापमान सुमारे 10,000 अंश सेल्सियस. सूर्याचा पृष्ठभाग 5,500 च्या आसपास. ती रस्त्यावर आली तर गाव शिल्लक राहू नये. हे आकडे मुलांना 'बाप रे' म्हणायला लावण्यासाठी टाकलेले आहेत, हे उघड आहे. चाहत्यांनी त्यावर एक झकास तोड काढली आहे: पोकेडेक्स भरणारा दहा वर्षांचा मुलगा आहे, तो फेकणारच.

पण वेलॉर्डचं प्रकरण वाचताना मी पेन्सिल घेऊन बसलो. हा देवमासा साडेचौदा मीटर लांब, वजन 398 किलो. तेवढ्याच लांबीचा खरा कुबड्या देवमासा तीसेक टनांचा असतो. वेलॉर्डची जाडी खेळात दिलेली नाही, म्हणून चित्रावरून ती 6 मीटर धरू. लंबगोलाच्या सूत्राने आकारमान निघतं साधारण 270 घनमीटर. म्हणजे दर घनमीटरला दीड किलोहून किंचित कमी. पाणी हजार किलो, हवा सव्वा किलो. जाडी 7 मीटर धरली तर वेलॉर्ड हवेपेक्षा हलका होतो आणि समुद्र सोडून आकाशात जातो. म्हणजे वाद फक्त एका मीटरचा. खेळात त्याला तरंगता देवमासा म्हटलं आहे, पण इतकं तरंगणं निर्मात्यांना अपेक्षित नसावं.

पुढची नोंद अशी, की छाती भरून हवा घेतली तर वेलॉर्ड तीन हजार मीटर खोल बुडी मारतो. 270 घनमीटरचा हा फुगा बुडवायला 270 टनांचा जोर लागेल. मग खरे देवमासे कसे बुडतात? ते छातीत हवा कोंडून तेवढ्या खोलवर जात नाहीत. दाबाखाली त्यांची फुप्फुसं मिटतात, आणि लागणारा प्राणवायू रक्तात आणि स्नायूंतल्या मायोग्लोबिनमध्ये साठवलेला असतो. क्युव्हिएचा चोचीचा देवमासा जवळपास तीन हजार मीटरपर्यंत गेल्याची नोंद आहे. बाराव्या वर्षी मायोग्लोबिनपर्यंत पोहोचायला याहून सोपी वाट मला माहीत नाही.

गॅस्टलीचं गणित लेखकांच्या हातून निसटलं, ते इथे करून ठेवतो. वायूचा हा गोळा 1.3 मीटर व्यासाचा, वजन 100 ग्रॅम. आकारमान 1.15 घनमीटर. घनता निघते 0.087, आणि हायड्रोजनची असते 0.09 च्या आसपास. इतकं जुळल्यावर मी खुर्चीतून उठलोच होतो. पण पोकेडेक्स गॅस्टलीला विषारी म्हणतो, आणि हायड्रोजन विषारी नाही, स्फोटक आहे. तेव्हा शेल्डरचा न्याय इथेही लावला पाहिजे. जाता जाता, एका नोंदीत गॅस्टली भारतीय हत्तीला दोन सेकंदांत लोळवतो. या जगात भारत आहे की नाही, यावर त्या एका हत्तीमुळे पानंच्या पानं लिहिली गेली आहेत.

पोकेबॉलचं कोडं त्याहून जुनं. प्राण्याचं ऊर्जेत रूपांतर होऊन तो चेंडूत जातो म्हणावं, तर 6 किलोच्या पिकाचूची ऊर्जा आइनस्टाइनच्या सूत्राने 15 हजार कोटी युनिट विजेएवढी भरते. 1961 मध्ये सोव्हिएत रशियाने फोडलेल्या सर्वांत मोठ्या अणुबॉम्बच्या दुपटीहून जास्त. ती खिशात घेऊन कुणी सायकल चालवणार नाही. 2022 च्या 'लेजंड्स: आर्सिअस'मध्ये उत्तर मिळालं: अंग आक्रसून लहान होणं हा पोकेमॉनचा मूळचा गुण, माणसाने फक्त डबी शोधली. भौतिकशास्त्राचा प्रश्न जीवशास्त्रावर ढकलला, पण निदान स्फोट टळला.

इतिहासाच्या भागाकडे वळतो, कारण पुस्तकाचं खरं वजन तिथे आहे. पोकेमॉनचे प्रांत खऱ्या भूगोलावर बेतलेले असतात. कांटो हे तर जपानमधलं खरंच नाव. सिनो म्हणजे होक्काइदो, कॅलोस फ्रान्स, गलार ब्रिटन. 2019 सालच्या गलारमध्ये कॉपराजा नावाचा तांब्याचा हत्ती आहे. फार पूर्वी तो दुसऱ्या प्रांतातून आला आणि माणसांबरोबर कामाला लागला, अशी नोंद आहे. कातडीवर हिरवा थर चढलेला. नावात 'राजा', प्रांत ब्रिटन, आणि हत्तीला इथे आणलं कुणी यावर मौन. ज्यांच्या पणजोबांनी तो काळ पाहिला त्या आपल्या वाचकाला हे सांगायला थिअरीची गरज नाही. लेखकांनी हे दीड पानात उरकलं, याची मला चुटपुट लागली.

त्याच गलारमध्ये एक बाई दोन वेगवेगळ्या प्राण्यांचे जीवाश्म बिनदिक्कत जोडून जिवंत करतात. वरचं धड एकाचं, खालचं दुसऱ्याचं. तोंड डोक्याच्या माथ्यावर आलेला आर्क्टोविश धड खाऊही शकत नाही. लोक निर्मात्यांवर चिडले. चाहत्यांतल्या जाणत्यांनी मात्र बोट ठेवलं ते एकोणिसाव्या शतकातल्या ब्रिटिश जीवाश्मतज्ज्ञांवर. गिडिअन मँटेल यांनी इग्वानोडॉनच्या अंगठ्याचा काटा त्याच्या नाकावर बसवला होता. 1854 मध्ये क्रिस्टल पॅलेसच्या बागेसाठी केलेले पुतळे लंडनमध्ये आजही उभे आहेत, नाकावरच्या शिंगासकट. 1878 मध्ये बेल्जियममध्ये पूर्ण सांगाडे सापडले तेव्हा काट्याची जागा कळली. ही थिअरी मला पुस्तकातली सर्वांत देखणी वाटते. निर्मात्यांनी होकार दिला नाही तरी तिचं काही बिघडत नाही.

आणि हिसुई. 2006 च्या 'डायमंड' आणि 'पर्ल'मध्ये कॅनलेव्हच्या ग्रंथालयात काही लोककथा वाचायला मिळतात. खाल्लेल्या पोकेमॉनची हाडं स्वच्छ करून, आभार मानून पाण्यात सोडावीत, म्हणजे तो पुन्हा देह धारण करून येतो, अशी एक. ज्यांना होक्काइदोच्या ऐनू लोकांची माहिती आहे, त्यांना ती लगेच ओळखू येते. शिकार म्हणजे देवाने पाहुणा म्हणून येणं, आणि त्याला मानाने परत पाठवणं, ही ऐनूंची श्रद्धा. पुढे 'लेजंड्स: आर्सिअस'मध्ये त्याच भूमीचं जुनं रूप आलं, हिसुई. बाहेरून आलेली एक मोहीम तिथे गाव वसवते, प्राण्यांची मोजदाद करते. आधीपासून राहणारे दोन गट आपापली दैवतं सांभाळून आहेत. शेवटी सगळे गुण्यागोविंदाने नांदतात, आणि भूमीचं नाव बदलतं. खऱ्या इतिहासात एझो बेटाचं होक्काइदो झालं 1869 साली, आणि त्यानंतर ऐनूंच्या जमिनी, भाषा, शिकार यांचं जे झालं ते गुण्यागोविंदाचं नव्हतं. त्यांना मूळ रहिवासी म्हणून कायद्याने मान्यता मिळायला 2019 उजाडलं. खेळाने गाळलेला हा भाग चाहत्यांनी परत लिहून काढला. त्यातल्या काहींनी त्यासाठी ऐनूंचा इतिहास मुळापासून वाचला, हे त्यांच्या लिखाणावरून दिसतं.

याच्या दुसऱ्या टोकाला 'अॅश कोमात आहे' ही थिअरी. टीव्हीवरच्या पोकेमॉन मालिकेचा नायक अॅश 1997 पासून 2023 पर्यंत दहा वर्षांचाच राहिला, म्हणून मालिकेत दिसतं ते त्याचं बेशुद्धावस्थेतलं स्वप्न. स्वप्न म्हटलं की कुठलीही विसंगती खपते आणि काहीच तपासायला उरत नाही. लेखकांनी तिला वीस पानं दिली आहेत. दोन पुरली असती.

खेळातल्या लॅव्हेंडर टाउन या गावाच्या संगीताने मुलं दगावल्याच्या अफवेचं प्रकरणही लांबलं आहे. अफवा खोटी आहे. 16 डिसेंबर 1997 ला मालिकेच्या एका भागातल्या लाल-निळ्या झगझगाटाने 685 मुलांना इस्पितळात न्यावं लागलं, ही मात्र खरी घटना, आणि अफवेला खतपाणी बहुधा तिथूनच मिळालं. तो झगझगाट पिकाचूच्या विजेचा होता, पण मालिकेतून कायमचा हद्दपार झाला त्या भागातला दुसरा पोकेमॉन, बिचारा पॉरीगॉन.

म्यूबद्दलचा जुना वाद सांगितल्याशिवाय राहवत नाही. बंदरातल्या जहाजापाशी एक ट्रक उभा आहे, तो हलवला की खाली म्यू मिळतो, ही वार्ता शाळाशाळांतून पसरली. ट्रकखाली काही नाही. म्यू खेळात होता मात्र खरा: शेवटच्या क्षणी तपासणीची साधनं काढून टाकल्यावर कार्ट्रिजमध्ये 300 बाइट मोकळे झाले, आणि प्रोग्रॅमर शिगेकी मोरिमोतोने तिथे म्यूला बसवलं. त्याच्यापर्यंत जायची वाट 2003 च्या सुमारास उजेडात आली. एका स्पर्धकाची नजर पडताच अॅब्राच्या मदतीने निसटायचं, मग ज्याच्या स्लोपोकचा 'स्पेशल' गुणांक 21 आहे अशा पोराशी लढायचं आणि परत फिरायचं. खेळाच्या पोटात म्यूचा क्रमांक 21 आहे, म्हणून प्रोग्रॅम चुकतो आणि म्यू समोर येतो. ही वाट शाळकरी गप्पांतून सापडली नाही, पण त्या गप्पा नसत्या तर कुणी शोधायला बसलंही नसतं.

आपल्याकडे पोकेमॉन 2003 मध्ये कार्टून नेटवर्कवर हिंदीतून आलं. गेमबॉय फार थोड्या घरांत होता. त्यामुळे आपल्या पिढीला आधी मालिका मिळाली, मग थिअरी, आणि खेळ सगळ्यात शेवटी, कॉम्प्युटरवरच्या इम्युलेटरमधून. खेळ न खेळताच त्याच्या इतिहासावर भांडणारे वाचक मराठीत पुष्कळ आहेत, आणि पुस्तक त्यांना सांभाळून लिहिलं आहे. 2002 मध्ये 'सायन्स' नियतकालिकात अँड्र्यू बामफर्ड आणि सहकाऱ्यांनी दाखवलं होतं, की ब्रिटनमधली आठ वर्षांची मुलं सुमारे 80 टक्के पोकेमॉन ओळखतात आणि आसपासच्या खऱ्या जिवांपैकी निम्मेही नाही. लेखकांनी प्रत्येक प्रकरणात खरा प्राणी, खरा जीवाश्म, खरी तारीख दिली आहे; त्या तक्रारीला मला तेच उत्तर योग्य वाटतं.

वाचकांना एक विनंती. वेलॉर्डच्या प्रकरणापाशी कागद-पेन्सिल घेऊन बसा आणि जाडी स्वतः मोजा. माझे किंवा लेखकांचे आकडे चुकलेले आढळले तर प्रकाशकांकडे जरूर कळवा, म्हणजे पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करता येतील.